काटकसरीचे राजकारण : इंग्लंड, १९३१

काटकसर हा शब्द आपल्या घरांत मोठ्या मानाने उच्चारला जातो. पगार पुरत नसला म्हणजे घरची बाई आधी दुधाचा रतीब निम्मा करते, मग सणाचे कापड पुढे ढकलते, आणि मुलाच्या शाळेच्या फीला मात्र शेवटपर्यंत हात लावीत नाही. यात शहाणपण आहे. सरकारला तूट आली म्हणजे मंत्रीही याच घरगुती शहाणपणाचा दाखला देतात आणि ऐकणाऱ्यास तो पटतो. आम्हांलाही तो कित्येक वर्षे पटत असे. तो कोठे लंगडा पडतो हे आम्हांला कोणा प्राध्यापकाने शिकवले नाही. १९३१ साली इंग्लंडात काय घडले ते वाचनालयातील जुन्या पुस्तकांतून, अडखळत, पुनःपुन्हा मागची पाने चाळीत वाचताना ते हळूहळू ध्यानात आले. तोच इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

घरची बाई दूध निम्मे घेऊ लागली म्हणून तिच्या नवऱ्याचा पगार उतरत नाही. सरकारचे तसे नसते. सरकार ज्याला शिक्षक म्हणून, शिपाई म्हणून किंवा बेकार म्हणून पैसे देते, तो मनुष्य ते पैसे वाण्याकडे, शिंप्याकडे, भाजीवालीकडे नेतो. आणि त्या वाण्याच्या व शिंप्याच्या धंद्यातूनच सरकारचा कर परत यावयाचा असतो. तेजीच्या दिवसांत ही साखळी एके ठिकाणी तुटली तरी दुसरीकडे सांधली जाते, कारण सरकारने हात आखडला तरी व्यापारी सढळपणे खर्च करीत असतो. मंदीत त्यानेही हात आखडलेला असतो. अशा वेळी सरकारने शंभर रुपये वाचवले म्हणून तूट शंभराने कमी होते असे नाही. काही कर बुडतो, काही माणसे नव्याने बेकार होऊन सरकारच्याच दारी येतात. म्हणजे मंदीत खर्च कमी करणे हे अवघड काम आहे, आणि करावयाचेच असेल तर कोणता खर्च आधी कमी करावयाचा या प्रश्नाला मोठे महत्त्व येते. इंग्लंडातील मजूर सरकार १९३१ च्या ऑगस्टमध्ये याच प्रश्नावर कोसळले.

१९२९ च्या मे महिन्यातील निवडणुकीत मजूर पक्ष इंग्लंडात प्रथमच सर्वांत मोठा पक्ष ठरला. तथापि त्यास बहुमत नव्हते. उदारमतवादी पक्षाच्या मर्जीवर कारभार चालवावा लागे. पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड हे स्कॉटलंडमधील एका कष्टकरी बाईचे चिरंजीव. अर्थमंत्री फिलिप स्नोडन यॉर्कशरमधल्या विणकराच्या घरचे. परराष्ट्रमंत्री आर्थर हेंडरसन तरुणपणी ओतशाळेत काम करीत. गृहमंत्री जे. आर. क्लाइन्स तर वयाच्या दहाव्या वर्षी ओल्डमच्या कापसाच्या गिरणीत लागलेले आणि पुढे स्वतःच्या हिमतीवर लिहावाचावयास शिकलेले. ही नावे आम्ही मुद्दाम देतो. पुढे जे झाले ते निव्वळ श्रीमंतांच्या निर्दयपणाने झाले अशी सोपी समजूत आमच्या चळवळीत कित्येक वर्षे सांगितली गेली. खरी गोष्ट त्याहून दुःखाची आहे. ज्यांनी गरिबी भोगली होती अशा माणसांच्या हातूनच ते घडले, आणि त्यांतील बहुतेक माणसे प्रामाणिक होती.

वारकऱ्याची एकादशीवर असते तशी स्नोडन यांची अंदाजपत्रकाच्या समतोलावर श्रद्धा होती. कर्ज काढून खर्च भागवणे त्यांना दारूच्या व्यसनासारखे वाटे, आणि ते स्वतः दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते होते. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार गडगडला आणि मंदी जगभर पसरली. इंग्लंडात त्या वर्षी सुमारे बारा लाख बेकार होते. १९३० च्या अखेरीस ते पंचवीस लाख झाले, आणि १९३१ च्या उन्हाळ्यात सत्तावीस लाखांच्या पुढे गेले. कामगार, मालक व सरकार या तिघांच्या वर्गणीवर चालणारा बेकारी-विम्याचा निधी एवढ्या माणसांना कसा पुरणार? तो सरकारी तिजोरीतून कर्ज उचलू लागला. बेकार पुरुषाला आठवड्याला १७ शिलिंग मिळत, त्याच्या बायकोसाठी ९ आणि प्रत्येक मुलासाठी २. या रकमांकडे श्रोत्यांनी लक्ष ठेवावे, त्यांची गाठ पुन्हा पडणार आहे.

खर्चात काटकसर सुचवण्यासाठी १९३१ च्या आरंभी एक समिती नेमण्यात आली. अध्यक्ष सर जॉर्ज मे, प्रुडेन्शियल या बड्या विमा कंपनीचे माजी चिटणीस. बाकीच्या सहा सभासदांपैकी चौघे धंदेवाले आणि दोघे मजूर पक्षाने सुचवलेले. काटकसरीसाठी कारखानदार बोलावण्याची ही रीत नवी नव्हती. १९२१-२२ साली सर एरिक गेडिस यांच्या समितीने असाच खर्च तोडला होता व तिला ‘गेडिसची कुऱ्हाड’ हे नाव पडले होते. लगेच पाठोपाठ हिंदुस्थानातही जहाजमालक लॉर्ड इंचकेप यांची समिती बसली. तिचा अहवाल आला त्याच १९२३ साली मिठावरचा कर मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपये झाला, आणि विधिमंडळ नको म्हणत असता व्हाइसरॉयने तो आपल्या खास अधिकारात मंजूर केला.

मे समितीचा अहवाल ३१ जुलैला, पार्लमेंट सुटीवर जात असतानाच, बाहेर पडला. पुढील अंदाजपत्रकात बारा कोटी पौंडांची तूट येणार असे तिने म्हटले. या बारा कोटींचा आकडा जगभर तारांनी गेला आणि इंग्लंड दिवाळ्यात निघत आहे अशी हवा झाली. पण हा आकडा कसा बनला होता? जुन्या राष्ट्रीय कर्जाची फेड करण्यासाठी दरवर्षी बाजूला काढावयाची सुमारे पाच कोटींची रक्कम त्यात नेहमीच्या खर्चाप्रमाणे धरली होती. बेकारनिधीने उचललेले कर्जही सगळेच्या सगळे खर्चात लावले होते. मंदीच्या वर्षी एखाद्या गृहस्थाने घराच्या कर्जाचा हप्ता तर भरावाच, पण शिवाय मुदतीपूर्वी मुद्दलही फेडावे, आणि तेवढ्यासाठी मुलांच्या भाकरीत कपात करावी, त्यातला हा प्रकार होता. आणि उपाय? खर्चात ९ कोटी ६६ लाख पौंडांची कपात, त्यांपैकी ६ कोटी ६५ लाख एकट्या बेकारांच्या खात्यातून. भत्ता शेकडा २० ने कमी. शिक्षकांच्या पगारांतही तेवढीच कपात. नव्या करांतून मात्र सुमारे २ कोटी ४० लाखच काढावयाचे होते.

मजूर पक्षाच्या दोघा सभासदांनी वेगळे मत नोंदवले. एक चार्ल्स लेथम, व्यवसायाने हिशेबनीस. दुसरे आर्थर प्यू, पोलाद कामगारांचे पुढारी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, बाजारभाव उतरले असल्यामुळे ठरावीक व्याज खाणाऱ्या रोखेधारकांचे उत्पन्न काही न करता वाढले आहे. त्यागच करावयाचा तर त्यांनीही करावा, आणि तो करांच्या वाटे घेता येईल. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी तर बहुमताच्या अहवालाची संभावना मूर्खपणाचा कागद अशीच केली. पण वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत बारा कोटी आले, लेथम आणि प्यू आले नाहीत.

येथे थोडे स्वतःचे सांगणे भाग आहे. २००९ च्या मंदीत एका कारखान्याच्या वाटाघाटींस आम्ही बसलो होतो. व्यवस्थापनाने तक्ते पुढे ठेवले. मागणी निम्म्यावर आली होती हे खरेच होते. दारात उभ्या मालाच्या गाड्या आम्ही रोज मोजत होतो. सहा महिने सर्वांनी शेकडा दहा कमी घ्यावे असे ठरले आणि आम्ही सही केली. त्या तक्त्यात ‘इतर देणी’ या नावाची एक ओळ होती. ती ओळ काय आहे असे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. पुढच्या वर्षी ताळेबंद हाती आला तेव्हा कळले की कपातीच्याच वर्षी भागधारकांना लाभांश वाटला गेला होता. कामगारांनी आम्हांला भरसभेत विचारले, आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते. मे समितीचे आकडे आम्ही प्रथम वाचले ते या प्रसंगानंतर. म्हणून लेथम आणि प्यू यांच्याविषयी आम्हांला अधिक आदर वाटतो. त्यांनी ती ओळ विचारली होती.

इकडे युरोपात निराळेच संकट उभे राहिले होते. १९३१ च्या मे महिन्यात व्हिएन्नाची क्रेडिट-आन्स्टाल्ट ही बँक डबघाईस आली, जुलैत जर्मनीतील बँका बंद पडल्या, आणि लंडनच्या पेढ्यांचा तेथे गुंतलेला पैसा अडकला. मग परदेशी ठेवीदार लंडनमधून पैसे काढू लागले. त्या काळी पौंड सोन्याला बांधलेला होता. पौंड आणून देईल त्याला ठरल्या भावाने सोने द्यावयाचे हे बँक ऑफ इंग्लंडचे वचन होते. सोने दिवसागणिक बाहेर चालले. बँकेने न्यूयॉर्क व पॅरिसहून पाच कोटी पौंडांची उधारी मिळवली, तीही झपाट्याने वितळली. आणखी कर्ज हवे होते. पण सरकार अंदाजपत्रकाचा समतोल साधील, आणि तोही बेकारभत्त्याला कात्री लावून साधील, असा विश्वास सावकारांना वाटेल तरच ते मिळेल, असे बँकेच्या अधिकाऱ्यांनी मंत्र्यांना सांगितले.

या म्हणण्यात काहीच तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्याकडून उसने घ्यावयाचे त्याची मर्जी राखावी लागते, हे संघटनेचा संपनिधी सांभाळणाऱ्यालाही ठाऊक असते. पौंड सोन्याला बांधून ठेवावयाचाच असे एकदा ठरले की सावकाराची अट टाळणे कठीण. पण पौंड सोन्याला बांधून का ठेवावयाचा, हा प्रश्न मंत्रिमंडळात धड कोणी विचारलाच नाही. सोन्याचे परिमाण सुटले की जर्मनीतल्या १९२३ सालासारखी नोटांची रद्दी होईल, अशी भीती सर्वांच्या मनावर बसली होती.

ऑगस्टच्या १९ तारखेस मंत्रिमंडळाने सुमारे ५ कोटी ६० लाखांची कपात मान्य केली. शिक्षक, पोलीस, सैनिक, सर्वांचे पगार त्यात आले. हे विसरता कामा नये. ज्या नऊ मंत्र्यांना आमची चळवळ नंतर वीर मानू लागली त्यांनीही या कपातीला मान डोलावली होती. भांडण उरले ते बेकारभत्त्याचे. दुसऱ्या दिवशी मॅक्डोनल्ड आणि स्नोडन ट्रेड युनियन काँग्रेसच्या कार्यकारी मंडळापुढे गेले. मंडळाच्या वतीने सरचिटणीस वॉल्टर सिट्रिन आणि वाहतूक कामगारांचे अर्नेस्ट बेव्हिन यांनी स्पष्ट नकार दिला. बेव्हिन हे लहानपणीच पोरके झालेले, शाळा अर्धवट सुटलेली, मालगाडी हाकता हाकता संघटनेत आलेले गृहस्थ. पण त्याच सुमारास सरकारने नेमलेल्या एका वित्त-समितीवर ते केन्स यांच्या शेजारी बसून आले होते आणि बँकांचा कारभार आतून पाहून आले होते. मंडळाने पर्यायही दिले. कर्जफेडीचा निधी तूर्त थांबवावा. ठरावीक व्याजाच्या उत्पन्नावर कर बसवावा. सर्वांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे चढत्या प्रमाणात भार उचलावा. मंत्र्यांनी ते ऐकून घेतले आणि बाजूस सारले.

संघटनांची बाजू येथे बरोबर होती असे आमचे मत आहे. पण त्यांचीही एक चूक सांगितली पाहिजे. त्याच जुलैत याच मजूर सरकारने बेकारी-विम्यातील ‘विसंगती’ दूर करण्याचा एक कायदा केला होता. त्याने एक लाखाहून अधिक विवाहित स्त्रियांचा भत्ता पुढे बंद पडला. लग्न झालेली बाई खरी बेकार नाहीच, ती घरी बसून पैसे मागते, अशी समजूत त्यामागे होती. वर्गणी मात्र तिच्याकडून वर्षानुवर्षे घेतलेली होती. ऑगस्टमध्ये संघटनांनी जेवढा आवाज उठवला तेवढा जुलैत उठवला नाही. आमच्या चळवळीत बायकांच्या नोकऱ्या प्रथम जातात तेव्हा आवाज उशिरा का उठतो, हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत.

२३ ऑगस्टला रविवार होता. न्यूयॉर्कच्या पेढीचे उत्तर यावयाचे होते आणि मंत्री डाउनिंग स्ट्रीटच्या बागेत वाट पाहत होते. रात्री तार आली. भत्त्यात शेकडा दहाची कपात असलेला कार्यक्रम बँक ऑफ इंग्लंडला आणि लंडनच्या पेढ्यांना मनापासून मान्य आहे काय, असे त्या पेढीने विचारले होते. मंत्रिमंडळात मते घेतली गेली. अकरा जण कपातीच्या बाजूचे, नऊ विरुद्ध. विरुद्ध असणाऱ्यांत हेंडरसन होते, क्लाइन्स होते. एवढ्या मोठ्या फुटीवर सरकार चालणे शक्यच नव्हते. ज्या कपातीवरून ते मोडले तिची किंमत होती सुमारे सव्वा कोटी पौंड, म्हणजे मे समितीच्या बारा कोटींचा दहावा हिस्सा.

दुसऱ्या दिवशी मॅक्डोनल्ड यांनी हुजूर व उदारमतवादी पक्षांसह राष्ट्रीय सरकार बनवले. स्नोडन अर्थमंत्री राहिले. मजूर पक्षाने दोघांनाही काढून टाकले. ऑक्टोबरच्या निवडणुकीत मजूर पक्षाच्या पावणेतीनशेहून अधिक जागांच्या पन्नासच्या आसपास उरल्या. या निवडणुकीविषयी अधिक सांगत नाही, कारण आपला विषय काटकसर हा आहे.

१० सप्टेंबरला स्नोडन यांनी तातडीचे अंदाजपत्रक मांडले. प्राप्तिकर पौंडामागे साडेचार शिलिंगांवरून पाच शिलिंग झाला, म्हणजे श्रीमंतांना अगदीच सोडले नाही हे कबूल करावयास हवे. गंमत अशी की कर्जफेडीच्या निधीलाही त्यांनी आता कात्री लावली. संघटनांनी तीन आठवड्यांपूर्वी हेच सुचवले तेव्हा ते धर्मबाह्य ठरले होते. बेकार पुरुषाचे १७ शिलिंग १५ शिलिंग ३ पेन्स झाले, बायकोचे ९ चे ८. मुलाचे २ शिलिंग तसेच ठेवले. नवरा-बायको आणि दोन मुले असलेल्या घरात आठवड्याला ३० शिलिंग येत, ते २७ शिलिंग ३ पेन्स झाले. याहून जिव्हारी लागली ती ऐपतीची चौकशी. सहा महिन्यांचा विमा संपला की अधिकारी घरी येई. मुलगी दुकानात काही कमावते काय, म्हाताऱ्याला पेन्शन आहे काय, हे सर्व मोजून बापाचा भत्ता ठरे. कमावत्या मुलामुलींनी घर सोडून वेगळे राहावे म्हणजे बापाला भत्ता मिळतो, अशी पाळी कुटुंबांवर आली. इंग्रज कामगारांच्या घरांत दहाची कपात लोक विसरले, पण ही चौकशी पुढची पिढीही विसरली नाही.

‘सर्वांचा समान त्याग’ हे शब्द त्या दिवसांत फार वापरले गेले. ते पोकळ आहेत हे दाखवून दिले ते इन्व्हरगॉर्डनच्या खलाशांनी. स्कॉटलंडच्या त्या बंदरात अटलांटिक आरमार उभे होते. जुन्या वेतनश्रेणीच्या साध्या खलाशाचा रोज ४ शिलिंगांवरून ३ शिलिंगांवर येणार होता, म्हणजे शेकडा पंचवीस. वरच्या अधिकाऱ्यांची कपात शेकडेवारीने यापेक्षा पुष्कळ कमी होती. ही वार्ता अनेक खलाशांना वर्तमानपत्रांतून कळली. १५ सप्टेंबरला सुमारे बारा हजार माणसांच्या आरमारातील कित्येक जहाजांनी बंदर सोडण्याचा हुकूम पाळला नाही. रक्त सांडले नाही, मोडतोड झाली नाही. नुसते काम थांबले. दोन दिवसांत सरकार नमले आणि कपात शेकडा दहाच्या वर जाऊ द्यावयाची नाही असे ठरले. पुढे त्यांतील काही खलाशांना आरमारातून काढून टाकले, ती गोष्ट वेगळी.

ब्रिटिश आरमारात बंड झाले ही बातमी जगात गेल्यावर पौंडावरचा उरलासुरला विश्वासही उडाला. राष्ट्रीय सरकारने ऑगस्टअखेर मिळवलेले आठ कोटींचे नवे कर्जही तीन आठवड्यांत संपत आले. २१ सप्टेंबरला सोन्याचे परिमाण सोडून देण्यात आले. ज्याच्या रक्षणासाठी मजूर सरकार मोडले आणि भत्ता कापला, ते चार आठवड्यांत गेले. पौंडाचा भाव ४.८६ डॉलरवरून वर्षअखेरीस साडेतीनच्याही खाली आला. आभाळ कोसळले नाही. असे करता येते हे आम्हांला कोणी सांगितलेच नाही, असे उद्गार मजूर मंत्रिमंडळातील एका माजी मंत्र्याने काढले म्हणतात. बहुधा ते सिडनी वेब यांच्या नावावर सांगतात. वेब यांच्यासारख्या विद्वानाला कोणी सांगावे लागते, याचेच आम्हांला नवल वाटते.

कपातीमुळेच इंग्लंड सावरले असे म्हणणारे आजही आहेत. बेकारांची संख्या १९३३ च्या जानेवारीत तीस लाखांच्या घरात गेली होती, म्हणजे कपातीने ती उतरली नाही. नंतर जी सुधारणा झाली तिच्यात स्वस्त पौंडाचा आणि स्वस्त व्याजाचा हात होता. बँकेचा व्याजदर १९३२ च्या जूनमध्ये दोन टक्क्यांवर आला आणि घरबांधणी जोरात सुरू झाली. पौंड सोन्याला बांधलेला असता तर व्याज एवढे उतरवणे शक्य झाले नसते. म्हणजे कपातीने जे वाचवावयाचे होते ते बुडाले, आणि ते बुडाल्यामुळे देश सावरला, असा उलटा न्याय झाला.

मूळ वादातील सर्वांत लक्षात ठेवण्याजोगा भाग आमच्या मते याच्या पुढचा आहे. भत्ता कापणारांचा युक्तिवाद असा होता की राहणीचा खर्च काही वर्षांत उतरला आहे. १७ शिलिंगांत पूर्वी जे मिळे ते आता १५ शिलिंगांत मिळते. तेव्हा बेकाराचे खरे नुकसान नाही. हिशेब म्हणून हा युक्तिवाद अगदीच खोटा नव्हता. पण मग तोच न्याय रोखेधारकाला का लावला नाही? १९१७ साली, युद्धाच्या महागाईत, सरकारने पाच टक्के व्याजाचे युद्धकर्ज काढले होते. त्याचे पाच पौंड १९३१ साली कितीतरी अधिक माल विकत घेत होते. राष्ट्रीय कर्जाचे व्याज व फेड यांत अंदाजपत्रकाचा सुमारे दोन-पंचमांश भाग जात होता. इतका मोठा खर्च, आणि ऑगस्टच्या चर्चेत तो जवळजवळ अस्पृश्य मानला गेला. कारण रोखेधारकाला दिलेले ते ‘वचन’ होते, आणि बेकाराला, ज्याने आठवड्यांमागून आठवडे विम्याची वर्गणी भरली होती, दिलेली ती ‘मदत’ होती. पण पुढच्याच वर्षी, १९३२ च्या ३० जूनला, नेव्हिल चेंबर्लेन यांनी सुमारे दोनशे कोटी पौंडांचे तेच युद्धकर्ज साडेतीन टक्क्यांवर बदलून घेण्याचे आवाहन केले, आणि बहुतेक रोखेधारकांनी ते देशप्रेमाने मान्य केले. आधी व्याजदर उतरवावा लागला, मगच हे जमले, हे खरे. तरी जे खाते बंद आहे म्हणून सांगितले होते ते दहा महिन्यांत उघडले.

आपल्याकडे २०२० च्या साथीच्या वर्षी केंद्र सरकारने आपल्या लाखो नोकरांच्या व निवृत्तांच्या महागाईभत्त्याचे तीन हप्ते गोठवले. १ जुलै २०२१ पासून वाढीव दर सुरू झाला, पण मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी दिली गेली नाही. खासदारांचे वेतनही एक वर्ष शेकडा तीसने कमी केले होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु त्या अठरा महिन्यांत कोणत्या खर्चाला हात लावावयाचा आणि कोणत्या नाही, यावर आपल्या गावांत, आपल्या सभांत, कितीशी चर्चा झाली? आमच्या आठवणीत तरी फारशी नाही.

१९३१ च्या त्या शरदात हिंदुस्थानचे काय झाले ते सांगितले की आमचे काम संपले. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनच्या पूर्व भागातील कामगार वस्तीत राहत होते, डॉ. आंबेडकर तेथे होते, आणि कामगारांचे प्रतिनिधी म्हणून आपले ना. म. जोशीही होते. पौंड सोन्यापासून सुटला त्याच दिवशी, रुपया १ शिलिंग ६ पेन्स या भावाने पौंडालाच बांधलेला राहील असे भारतमंत्री सर सॅम्युएल होअर यांनी लंडनहून जाहीर केले. हिंदी लोकमताला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. रुपयांत सोन्याचा भाव चढला. इकडे शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले होते आणि सारा मात्र पूर्वीच्याच रोख रुपयांत भरावयाचा होता. शेतकऱ्यांच्या घरांतील पाटल्या, पुतळ्या, गाठले सराफांकडे आले आणि मुंबई बंदरातून बोटींनी बाहेर गेले. पुढील काही वर्षांत दोनशे कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने देशाबाहेर गेले. इंग्लंडला स्वस्त पैसा मिळाला त्यात या सोन्याचाही वाटा आहे. दुष्काळात तेरावा महिना मात्र आपल्या वाट्यास आला.

२९ सप्टेंबर १९३१ ला अर्थसचिव सर जॉर्ज शुस्टर यांनी दिल्लीचे तातडीचे अंदाजपत्रक मांडले. बहुतेक करांवर शेकडा पंचवीसचा अधिभार बसला. मिठावरचा मणामागे सव्वा रुपयाचा कर एक रुपया नऊ आणे झाला. प्राप्तिकराची मर्यादा दोन हजारांवरून एक हजारावर आणली, म्हणजे लहान दुकानदार आणि कारकून जाळ्यात आले. सरकारी नोकरांच्या पगारांत शेकडा दहाची कपात झाली. या कपातीत एक नमुनेदार गोष्ट होती. बड्या गोऱ्या सनदी अधिकाऱ्यांचे पगार कायद्याने इतके सुरक्षित होते की त्यांत कपात करण्यासाठी लंडनच्या पार्लमेंटला स्वतंत्र कायदा करावा लागला. रेल्वेच्या कारखान्यांतून त्याच वर्षी हजारो माणसे कमी झाली; त्यांच्यासाठी नोटिशीचा एक कागद पुरे झाला.

१५ डिसेंबरपासून पोस्टकार्डही महागले. ते अर्ध्या आण्याचे होते, ते पाऊण आण्याचे झाले. गिरणगावातून कोकणात आणि घाटावर जाणारी खुशाली बहुधा त्याच कार्डावर जात असे. पुढे १९३४ च्या जुलैत इंग्लंडातील बेकारांना त्यांचा पूर्वीचा भत्ता परत मिळाला. हिंदुस्थानातील सरकारी नोकरांची कपात १९३३ साली निम्मी झाली आणि १९३५ च्या एप्रिलात उठली. पोस्टकार्ड मात्र तेव्हाही पाऊण आण्यालाच राहिले.